रेवारेवाचा दात

सोमवारी सकाळी लेस्टर प्रिंगलच्या स्क्रीनवर दात उगवला.

एरवी स्क्रीनवरची विजेची रेघ शहाण्यासारखी वागायची. गाड्या सुरू झाल्या की वर चढायची, ऑफिसवाले पोचले की हळूहळू उतरायची. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या उपनगरी गाड्यांना उद्या किती वीज लागेल हे आज ठरवायचं, आणि उद्या ती तेवढीच लागली का हे परवा बघायचं, असं लेस्टरचं काम होतं. थंडी किती पडेल, हीटर किती चालतील, दक्षिणेचा वारा सुटला तर गाडीला किती जोर लावावा लागेल, हा सगळा विचार करून तो एक रेघ काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या त्या रेघेच्या अंगावर अंग टाकून चालायच्या. त्याला त्यात अपार सुख वाटे. लग्नाला गेला तरी तो नवरानवरीपेक्षा मांडवातल्या हीटरकडे जास्त बघायचा, आणि त्याची बायको जोसलिन त्याला दंडाला धरून जेवणाकडे न्यायची.

आणि आज त्या रेघेवर, ऐन गर्दीच्या वेळी, एक टोकदार सुळा वर आला होता.

"हे काय आहे?" त्याची साहेबीण टुई हाकाराया त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

"दात."

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

"टेकडीच्या लाइनीचा."

टुईने खुर्ची ओढली आणि बसली. टेकडीची लाइन म्हटलं की ती नेहमी बसूनच घ्यायची. ही लाइन शहरातून निघून बोगद्याबोगद्यातून वर चढते, आणि चढताना वीज नुसती पिते. म्हणून वरच्या साहेबांच्या मनात होतं की दुपारच्या गाड्या काढून टाकाव्यात आणि टेकडीवर बस सोडावी. टेकडीवरचे लोक यावर भयंकर चिडले होते, कारण त्या वळणांवर बसमध्ये बसलेला माणूस घरी पोचेपर्यंत हिरवा पडतो. लेस्टरने तेव्हा मध्ये पडून सांगितलं होतं, की थांबा, या लाइनीची वीज कमी करून दाखवतो.

त्याची योजना सोपी होती. गाडी उतारावर ब्रेक लावते तेव्हा तिची मोटर उलटी वीज तयार करते आणि तारेत सोडते. त्याच वेळी दुसरी गाडी चढत असली, तर ती वीज तिला मिळते. चढणारं कुणी नसलं, तर ती छतावरच्या पेट्यांत तापून वाऱ्यावर जाते. आणि वेलिंग्टनचा वारा गरम करण्याइतकी वीज जगात कुणाकडे आहे?

"म्हणजे उतरणारी गाडी चढणारीला ढकलणार?" टुईने तेव्हा विचारलं होतं.

"ढकलणार नाही. तारेतून हात देणार."

लाइन एकेरी. पूर्वी गाड्या वरच्या दरीतल्या सायडिंगला, बाजूच्या जादा रुळावर, एकमेकींना वाट द्यायच्या. लेस्टरने वेळापत्रक हलवून ही भेट मधल्या रेवारेवा स्टेशनावर आणली. तिथे रूळ दोन, मधोमध एकच फलाट, दोन्ही बाजूंना गाड्या. दोघी येणार, दोघी एकदम निघणार, एक खाली, एक वर. कागदावर तर हे इतकं देखणं दिसत होतं की लेस्टरने जोसलिनलाही दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. आता कपडे वाळत घाल."

पहिले काही दिवस रेघ खरंच गुळगुळीत होती. आणि आता हा दात.

"महिनाअखेरीला वरचे लोक बघणार आहेत," टुई म्हणाली. "दात राहिला तर बस आली म्हणून समज. शोध काय आहे ते."

हे तिला सांगायची गरज नव्हती. लेस्टरला शोधल्याशिवाय जेवण गेलं नसतं.

दात कशाने आला हे निम्मं तर त्याला लगेच कळलं. उतरणारी गाडी वेळेवर निघाली होती, पण चढणारी रेंगाळली होती. तिला हात द्यायला खालची उरलीच नव्हती, म्हणून तिने सगळी वीज बाहेरून ओढली. पण रेंगाळली का? सिग्नल ठीक होता. गाडीत बिघाड नव्हता. त्याने चढणाऱ्या गाडीच्या चालकाला, फालानिको लेओटाला, गाठलं. फालानिको सामोआचा, दाराएवढा रुंद आणि दिवसभर आनंदात असणारा माणूस.

"रेवारेवाला उशीर का होतो रे?"

"दार लागत नाही."

"दार बिघडलंय?"

"दार चांगलं आहे. दारात माणसं असतात."

"कसली माणसं?"

फालानिकोने विचार केला. "चांगली माणसं," तो म्हणाला.

यापलीकडे त्याच्याकडून काही निघेना, म्हणून दुसऱ्या दिवशी लेस्टर स्वतः रेवारेवाला जाऊन उभा राहिला.

दोन्ही गाड्या आल्या, दारं उघडली, आणि फलाटावर जे सुरू झालं ते बघून लेस्टर जागच्या जागी थिजला. उतरणाऱ्या गाडीतून एक बाई चार्डच्या पालेभाजीची जुडी घेऊन धावत समोरच्या गाडीच्या दाराशी गेली आणि तिथल्या बाईकडून अंडी घेऊन परत आली. एकाने दुसऱ्याच्या हातात घराची किल्ली ठेवली. एक शाळकरी मुलगी विसरलेला डबा घेऊन गेली. आणि डोळे तांबारलेली एक नर्स, रात्रपाळी संपवून टेकडीवर घरी निघालेली, चढणाऱ्या गाडीतून उतरली, उतरणाऱ्या गाडीतून आलेल्या नवऱ्याच्या हातातून तान्हं बाळ घेतलं, नवऱ्याने तिच्या कपाळाला ओठ टेकले, आणि दोघं आपापल्या गाडीत चढली.

लेस्टरला हळूहळू उमगलं. पूर्वी गाड्या दरीत भेटायच्या, बंद काचांतून. आता टेकडीवरून येणारे आणि टेकडीवर जाणारे रोज एकाच वेळी एकाच फलाटावर समोरासमोर येत होते. हे त्यानेच घडवून आणलं होतं. गाड्यांनी एकमेकींना हात द्यावा म्हणून त्याने त्यांची गाठ घातली होती. पण गाड्यांत माणसं असतात आणि त्यांनाही हात असतात, हे त्याच्या कागदात कुठे नव्हतं.

तो दाराचा सेन्सर बघायला चढणाऱ्या गाडीत एक पाय टाकतो न टाकतो, तोच एक म्हातारे गृहस्थ त्याच्या छातीवर पिंजरा टेकवत म्हणाले, "जरा धरा हो. बहिणीकडून लिंबं घेतो आणि आलोच."

पिंजऱ्यात एक गलेलठ्ठ करडं मांजर होतं. लेस्टरने तो सभ्यपणे धरला. मागून कुणीतरी "आत सरका" म्हणालं. तो सरकला. दारं लागली.

टेकडीच्या माथ्यावरून त्याने कंट्रोल रूमला फोन केला. "लेस्टर बोलतोय. माझ्याकडे एक मांजर आहे."

"लेस्टर, हा लाइनीच्या कामाचा फोन आहे."

"मांजर लाइनीवरच सापडलंय. त्याचे मालक लिंबं घेऊन शहराकडे गेलेत. त्यांना स्टेशनावर थांबवून ठेवा."

मालकांचं नाव होतं डगल मॅकफेल, मांजराचं बिशप, आणि बिशपची जनावरांच्या डॉक्टरकडची वेळ टळून गेली होती. खाली येईपर्यंत बिशपने पिंजऱ्याच्या गजांतून पंजा काढून आपलं मत लेस्टरच्या मनगटावर नोंदवलं. तो हाताला रुमाल गुंडाळून ऑफिसात शिरला तेव्हा टुई वाटच बघत होती.

"सापडला दात?"

"दात होते, नखं पण होती," लेस्टर म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

टुई हसली नाही. हसू आलं की ती खिडकीकडे बघायची. तशी ती बराच वेळ बघत राहिली. "बंद कर हे," ती शेवटी म्हणाली. "गोडीने कर."

लेस्टरने गोडीने एक पाटी लावली: 'दोन्ही गाड्या या फलाटावर एकाच वेळी थांबतात. तरी प्रवाशांनी कृपया एका गाडीतून दुसऱ्या गाडीत वस्तूंची देवाणघेवाण करू नये.'

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली.

"पाटी लावणारा तूच का, बाळा?" एका माओरी आजीबाईंनी त्याला विचारलं. सगळी टेकडी त्यांना आंटी वाइमारी म्हणायची. त्यांच्या हातात झाकलेलं मोठं ताट होतं. "देव तुझं भलं करो. अगं बाई, मला पत्ताच नव्हता पलीकडची गाडी पण इथे थांबते म्हणून! माझी भाची रोज वर जाते त्या गाडीने. आता चीझ स्कोन देता येतील तिला."

"आंटी, खाली पुढचं पण वाचा ना. 'करू नये' म्हटलंय."

"ते वस्तूंचं आहे. स्कोन म्हणजे काय वस्तू आहे? घे, एक खा."

लेस्टरने खाल्ला. तो छोटा, खारा पाव अजून गरम होता आणि लेस्टरने दुसराही घेतला. त्या दिवशीचा दात आदल्या दिवशीपेक्षा उंच आला.

मग मात्र त्याने मन घट्ट केलं. फालानिकोला आणि उतरणाऱ्या गाडीच्या चालक कॉरलला बोलावून सांगितलं, "वेळ झाली की दारं लावायची आणि निघायचं. कुणासाठी थांबायचं नाही."

"कुणासाठीच नाही?" फालानिकोने विचारलं.

"कुणासाठीच नाही."

"बरं," फालानिको म्हणाला, पण त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेस्टर पुन्हा फलाटावर होता. गाड्या आल्या. गर्दी इतकी की कुणाला कुणापर्यंत पोचता येईना. पालेभाजी हवेत, ताटं डोक्यावर. दारांची पिंपिं वाजली, लोक मिळेल त्या दारात घुसले, आणि दोन्ही गाड्या घड्याळाकडे बोट दाखवावं अशा वेळेवर निघाल्या. लेस्टरने सुटकेचा श्वास सोडला. मग त्याला काचेवर टेकलेले दोन तळवे दिसले. ती नर्स. तिचं तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता, आणि गाडी तिला घेऊन वर निघाली होती.

रिकाम्या फलाटावर तिचा नवरा उभा होता. कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी, दोन्हीकडे गेलेल्या दोन गाड्या.

त्याचं नाव जोव्हेन. दोघं फिलिपीन्सहून आलेली. तो हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होता. त्याने आधी मुकादमाला फोन करून उशीर होईल असं सांगितलं, शिव्या ऐकून घेतल्या, आणि मग बायकोला फोन केला. ती वरून पुढच्या गाडीने परत खाली येत होती. फोनवर ती रडत असावी, कारण तो सारखा म्हणत होता, "अगं आहे, माझ्याजवळच आहे, कुठे जातेय ती?"

बाळाने हे ऐकलं आणि तेही रडायला लागलं.

"जरा धरता का?" जोव्हेन लेस्टरला म्हणाला. "बाटली काढतो."

लेस्टरने बाळ घेतलं. मांजरापेक्षा हे बरंच मऊ होतं आणि बरंच जड वाटत होतं. "नाव काय हिचं?"

"अमिहान." जोव्हेनने बाटली हलवली. "आधी ना, मारिसेल घरी येईपर्यंत मला निघता यायचं नाही. रोज उशीर, रोज बोलणी. नोकरी जाते की राहते अशी वेळ आली होती. मग हे नवीन वेळापत्रक आलं. ज्याने कुणी केलंय ना, त्याच्या घरी नक्की लहान पोर असणार. नाहीतर कुणाला सुचतं हो असं?"

लेस्टरने बाळाचं टोपडं सारखं केलं. त्याच्या घरी पोर नव्हतं. एक बोलणारा थर्मामीटर होता.

"पण आज दारं लावायला कुठल्या गाढवाने सांगितलं कोण जाणे," जोव्हेन म्हणाला.

"हो ना," लेस्टर पुटपुटला आणि अमिहानला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मारिसेल आली, बाळाला उराशी धरून बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. लेस्टर ऑफिसात परतला. स्क्रीनवर दात नव्हता. रेघ त्याने काढली होती अगदी तशी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरळ रेघ बघून वाईट वाटलं.

पण वाईट वाटलं तरी डोकं थांबत नव्हतं. त्याने आजची रेघ आणि दातांचे दिवस शेजारी शेजारी मांडले. उभी गाडी किती वीज खाते? फक्त हीटरपुरती. म्हणजे थांबल्याने दात येतच नव्हता! दात येत होता तो एकीने थांबल्याने आणि दुसरीने निघून गेल्याने. दोघी थांबल्या आणि दोघी एकदम निघाल्या, तर वेळ गेला तरी वीज जाणार नव्हती. इतके दिवस तो माणसांना घाई करत होता, आणि घाई करायची गरजच नव्हती.

तो जवळजवळ धावतच टुईच्या खोलीत गेला. "दोन्ही गाड्यांना रेवारेवाला चांगला सावकाश थांबा द्यायचा!"

"लेस्टर, बस. पाणी पी. गाडी उभी करून वीज वाचते?"

"उभी करून नाही. जोडीने निघून. खाली पोचायला थोडा उशीर होईल, पण तिकडे शहरातून पुढे जाणारी दुसरी गाडी पकडायला मुबलक वेळ आहे. चालकांनी एकमेकांना हात दाखवायचा, मगच दारं लावायची."

टुईने आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. "आणि हा थांबा कशासाठी, असं वर विचारलं तर? बाळासाठी, असं लिहिता येणार नाही मला."

लेस्टरने विचार केला. "विद्युत-समन्वय थांबा," तो म्हणाला.

टुई पुन्हा खिडकीकडे बघायला लागली. मग तिने सही केली.

विद्युत-समन्वय थांबा सुरू झाला आणि दात गेला. फालानिको खिडकीतून हात बाहेर काढायचा, पलीकडून कॉरल काढायची, आणि दोन गाड्या एखाद्या जुन्या जोडप्यासारख्या एकदम हलायच्या. मारिसेल आणि जोव्हेनला बाळ द्यायला-घ्यायला आणि वर दोन शब्द बोलायलाही वेळ मिळू लागला. महिना संपत आला तशी रेघ लेस्टरच्या अंदाजाला टेकली, आणि एके दिवशी किंचित खाली गेली.

दुसऱ्या दिवशी आणखी किंचित.

"कमी लागतेय," लेस्टर म्हणाला.

"मग आनंद मान."

"पण का कमी लागतेय? वारा तोच, थंडी तीच, हीटर तेच. गाड्या हलक्या झाल्यासारख्या चालतायत."

"प्रवासी घटले असतील."

"तेच तर! तिकिटाची कार्डं टेकवणारे वाढलेत. रोज वाढतायत."

टुईकडे तेव्हाच वरून निरोप आला होता. प्रवासी वाढले आणि वीज घटली, हे बघून वरचे साहेब थक्क झाले होते. बसचा विचार रद्द झाला होता, दुपारच्या गाड्या राहणार होत्या. फक्त एकच विनंती होती: हे नेमकं कसं साधलं ते सविस्तर कळवावं, म्हणजे बाकीच्या लाइनींनाही लावता येईल.

"कसं साधलं?" टुईने विचारलं.

"मला काय माहीत!" लेस्टर म्हणाला. त्याचे डोळे मात्र लकाकत होते.

सकाळी दोघं मिळून रेवारेवाला गेली. फलाटावर पाऊल ठेवताच टुई थबकली. एका कोपऱ्यात घडीचं टेबल होतं, त्यावर चहाची मोठी किटली. आंटी वाइमारी ताटावरचं फडकं काढत होत्या. डगल मॅकफेल बिशपला मांडीवर घेऊन बहिणीशी लिंबांच्या झाडाबद्दल वाद घालत होते. फालानिकोच्या मावशीने पनिकेके, सामोआकडचे गोड गोल वडे, तळून आणले होते. दोन अनोळखी माणसं एकाच पुस्तकावर वाकली होती. आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या, दारं उघडी, आत उजेड, ऊब, आणि अर्धी बाकं रिकामी.

फालानिकोने हात काढला. कॉरलने काढला. पिंपिं वाजली. काही माणसं धावली. बरीचशी धावली नाहीत. एकाने मान वळवून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे, पुढची आहेच की." दारं लागली आणि दोन्ही गाड्या, वेळेवर, जोडीने आणि हलक्या अंगाने निघून गेल्या.

लेस्टर बघतच राहिला. घाईत माणसं वस्तू देऊन पळायची. आता सावकाशीने देत होती, म्हणून बोलत होती, आणि बोलत होती म्हणून राहत होती. थांबा कितीही दिला तरी माणूस तो सगळा बोलण्यात घालवतो आणि वर त्याला आणखी लागतो, हे कुठल्याही आलेखात नव्हतं.

"हे कळवायचं वर?" तो हळूच म्हणाला.

टुईचं तिकडे लक्षच नव्हतं. आंटी वाइमारींनी तिच्या हातात स्कोन ठेवला होता आणि तिचं माहेर कुठलं, मग अमक्या हाकारायांची तू कोण, इथपासून सुरुवात केली होती. दोन घराण्यांची नातीगोती जुळवण्यात पुढची जोडी कधी आली ते टुईला कळलंसुद्धा नाही.

त्यातल्या उतरणाऱ्या गाडीच्या चालकाने साहेबीणबाईंना ओळखलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "टुई! खाली ऑफिसला जाणार ना? चढतेस का? थांबू का जरा?"

टुईचं तोंड स्कोनने भरलं होतं. तिने चहाचा पेला उंच करून त्याला पुढे जायची खूण केली.

"नको नको, तू नीघ वेळेवर," ती घास गिळत म्हणाली. "प्लॅन बिघडायला नको."